पोलीस शिपाई भरतीचा पहिला अर्ज भरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: बारावी झाली आहे, वय २३, ओबीसी, उंची १६६ सेंटिमीटर, रोज पळायला जातो. महाराष्ट्र पोलिसांच्या पुढच्या भरतीत पहिल्यांदाच अर्ज करायचा आहे. कुठल्या जिल्ह्यात भरावा, तयारी कशी करावी आणि लोक नेमके कुठे बाद होतात?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. पोरं दोन ठिकाणी जातात. एक, मैदानावर अर्ध्या सेकंदाने किंवा दहा सेंटिमीटरने गुणांची एक पायरी खाली घसरतात. दुसरं, अंतिम यादीत नाव आल्यावर कागदपत्रं तपासताना एखाद्या दाखल्यावरची तारीख चुकीची निघते. मैदानावर जो बाद होतो त्याला ते तिथल्या तिथे कळतं तरी. कागदावर बाद होणाऱ्याला सहा-आठ महिन्यांनी कळतं, तोवर सगळा घाम गाळून झालेला असतो.

आधी भरतीचा सांगाडा समजून घ्या. 'पोलीस भरती' हे एक नाव असलं तरी त्यात पोलीस शिपाई, चालक पोलीस शिपाई, राज्य राखीव पोलीस बलातला सशस्त्र पोलीस शिपाई, बॅन्ड्समन आणि कारागृह शिपाई अशी वेगवेगळी पदं असतात. शिपाई पदाला बारावी उत्तीर्ण लागते. बॅन्ड्समनला दहावी चालते. शिपायाची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. चालकाला किमान वय १९. राज्य राखीवला वरची मर्यादा कमी आहे: खुल्याला २५, मागासांना ३०. वय कुठल्या तारखेला मोजायचं ते जाहिरातीत लिहिलेलं असतं; मनाने ३१ डिसेंबर धरू नका. बारावीचा निकाल अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात असावा लागतो. 'निकाल लागायचाय' हे चालत नाही.

उंची पुरुषांना १६५ सेंटिमीटर, महिलांना १५५. पुरुषांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटर जास्त. राज्य राखीवला उंची १६८ लागते, म्हणजे १६६ वाल्याने तिकडे अर्ज करून फी घालवू नये. आणि १६६ ही उंची कुठे मोजली तेही बघा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलची रेघ मारून घेतलेलं माप धरू नका. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटरने उंच भरतो. तुमचं संध्याकाळचं माप १६५ च्या खाली जात असेल, तर मैदानाच्या दिवशी पहाटेपासून तासन् तास उभं न राहता बसून घ्या. माप चुकलं असं वाटलं तर हरकत तिथल्या तिथे, मैदान सोडण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याकडे नोंदवायची. घरी येऊन ईमेल करण्यात काही अर्थ नसतो.

गुण एकूण १५०. मैदानी ५०, लेखी १००. मध्यंतरी लेखी आधी आणि मैदानी नंतर असा क्रम होता, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर पुन्हा मैदानी आधी आली. मैदानीत निम्मे म्हणजे २५ गुण मिळवणाऱ्यांमधून प्रत्येक प्रवर्गाच्या जागांच्या दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. हे वाक्य दोनदा वाचा. २५ गुण म्हणजे लेखीचं तिकीट नव्हे, २५ म्हणजे रांगेत उभं राहण्याची परवानगी. रांगेतून आत कोण जाणार ते त्या घटकात (म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलिसांत अर्ज केला तिथे), तुमच्या प्रवर्गात, एका जागेमागे दहावा माणूस किती गुणांवर उभा आहे त्यावर ठरतं. लेखीत किमान ४० गुण लागतात आणि शेवटची निवड दोन्हींच्या बेरजेवर होते.

आता मैदान. पुरुषांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी गुण तेच. गोळा पुरुषांचा ७.२६० किलो, महिलांचा ४ किलो. चालक पदाला १०० मीटर नाही. १६०० मीटर, गोळा आणि पुढे वाहन चालवण्याची चाचणी. राज्य राखीवला मैदानीच १०० गुणांची असते आणि त्यातले निम्मे गुण ५ किलोमीटर धावण्याला. तिथली तयारी वेगळी, शिपायाच्या तयारीवर ती भागत नाही.

पैकीच्या पैकी गुणांसाठी पुरुषाला १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि गोळा ८.५० मीटर लागतो. महिलेला ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत, गोळा ६ मीटर. त्याखाली गुण पायरीपायरीने उतरतात. १६०० ला पायरी २० सेकंदांची आहे, १०० मीटरला एका सेकंदाची. जाहिरातीतला तक्ता छापून भिंतीवर लावा, कारण सगळा हिशोब त्या पायऱ्यांचा आहे. ५:१२ आणि ५:२९ ला सारखेच गुण. ५:२९ आणि ५:३१ ला वेगळे. १३.४ आणि १३.६ सेकंद घरच्या घड्याळावर एकच वाटतात, तक्त्यात ते दोन वेगळ्या ओळीत बसतात.

म्हणून तयारी सुरू करताना पहिल्या आठवड्यातच तिन्ही प्रकारांची खरी मोजणी घ्या. दुसऱ्याच्या हातात स्टॉपवॉच, टेपने मोजलेलं अंतर. स्वतः पळत स्वतःच मोबाईल दाबणाऱ्याची वेळ नेहमी चांगलीच येते. मग बघा, प्रत्येक प्रकारात वरच्या पायरीला किती कमी पडतं. जिथे सर्वांत कमी अंतर आहे तिथे सर्वांत जास्त मेहनत घाला. पोरं नेमकं उलटं करतात: ज्याला पळायला आवडतं तो ५:०५ वरून ४:५५ वर यायला तीन महिने घालवतो आणि त्या दहा सेकंदांचा त्याला शून्य गुण मिळतो.

तिन्हींत लवकर सुधारणारा प्रकार गोळा आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही तोच. नवखा पोरगा गोळा क्रिकेटच्या बॉलसारखा खांद्यामागून फेकतो. एक तर तो बाद ठरतो, आणि खांदा दुखावतो तो वेगळाच. गोळा मानेला, जबड्याखाली टेकलेला हवा, कोपर बाहेर आणि जरा वर, आणि तो ढकलायचा. ताकद हातातून येत नाही. मागच्या पायातून, मग कमरेच्या वळणातून, मग छातीतून येते. हात फक्त शेवटचं टोक. गोळा साधारण ४० अंशांच्या आसपास सुटावा. बहुतेकांचा तो सपाट सुटतो, कारण नजर जमिनीवर असते. समोर दूरच्या झाडाच्या शेंड्याकडे बघून ढकला, अर्धा मीटर तिथेच वाढतो. सरकत येण्याची शैली जमत नसेल तर उभ्या जागेवरून ढकला. अर्धवट शिकलेली सरक उभ्या फेकीपेक्षा कमी देते. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला ३०-४० फेकी पुरे. रोज शंभर फेकून मनगट सुजवून घेऊ नका. सराव पहिल्या दिवसापासून भरतीच्याच वजनाच्या गोळ्याने करा. पाच किलोच्या गोळ्यावर दहा मीटर गेला म्हणून आनंद मानणारे ७.२६० हातात आला की सात मीटरवर अडकतात.

वर्तुळाचा नियम सरावातच अंगी बाणवा. फेकीनंतर तोल जाऊन पाय पुढच्या फळीवर किंवा रेषेबाहेर पडला की फेक बाद. गोळा जमिनीला टेकेपर्यंत आतच थांबायचं आणि मागच्या अर्ध्या भागातून बाहेर यायचं. घरच्या अंगणात रेघच नसते, म्हणून ही चूक मैदानावर पहिल्यांदा कळते. चुन्याने ७ फुटांचं वर्तुळ आखायला दहा मिनिटं लागतात.

१६०० मीटर म्हणजे ४०० च्या ट्रॅकवर चार फेऱ्या. ५:१० ला फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांची. पहिली फेरी ७० मध्ये मारून तिसरीत ९० वर येणारा नेहमीचा नमुना आहे. घोळक्यात पळताना पहिले दोनशे मीटर सगळेच जोरात सुटतात. तिथे मागे राहायला धीर लागतो. सराव असा ठेवा: आठवड्यातून दोनदा ४०० च्या सहा फेऱ्या, प्रत्येक ७८ ते ८० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं, एकदा सहा-सात किलोमीटर सावकाश, एकदा मधला वेग. पहिले तीन आठवडे फक्त सावकाश पळा, नाहीतर नडगीची पुढची बाजू दुखायला लागते आणि महिना जातो. रोज डांबरी रस्त्यावर पळणाऱ्यांना हे दुखणं हमखास होतं. तरी थोडा सराव रस्त्यावरही हवा, कारण भरतीतलं १६०० मीटर चारशेच्या ट्रॅकवरच असेल असं नाही. पावसाचीही सवय ठेवा. २०२३ ची मैदानी २ जानेवारीला, थंडीत सुरू झाली होती. २०२४ ची १९ जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर.

१०० मीटरला ११.५० हा आकडा खऱ्याखुऱ्या धावपटूचा आहे. चार महिन्यांत तिथे पोचण्याचा ध्यास सोडा आणि एक पायरी वर जाण्यापुरतं बघा. सुरुवातीचे वीस मीटर अंग पुढे झुकलेलं ठेवणं आणि रेषेच्या पाच मीटर पलीकडे धावत जाणं, या दोन गोष्टींतून तीन-चार दशांश सेकंद निघतात. बहुतेक पोरं रेषा दिसली की अंग सैल सोडतात. आठवड्यातून दोनदा ३० मीटरच्या आठ-दहा जोरदार धावा, पूर्ण विश्रांती घेऊन, एवढं पुरतं.

एक उदाहरण मांडतो. १६०० मीटर ५:२८, म्हणजे १८. शंभर मीटर १३.२, म्हणजे १०. गोळा ८ मीटर, म्हणजे १२. एकूण ४०. या उमेदवाराला गोळा ८.५० पर्यंत नेला तर तीन गुण. १६०० मध्ये १८ सेकंद काढले तर दोन गुण. कुठे वेळ घालायचा ते आकडेच सांगतात.

ताकद वाढवणारी इंजेक्शनं, 'ग्राउंडची गोळी' असलं काही ॲकॅडमीच्या आवारात कुणी दाखवलं तर तिथून निघा. उत्तेजक द्रव्यांना बंदी आहे, सापडलात तर अपात्र ठराल. त्याहून वाईट म्हणजे उन्हात, पाणी न पिता, ते घेऊन पळाल्यावर हृदयावर काय ताण येतो ते सांगायला कुणी थांबत नाही. मैदानाच्या आदल्या रात्री जेवा, पहाटे निघताना केळी किंवा चपाती खा, पाणी घोट-घोट घ्या. उपाशीपोटी हलकं वाटतं हा भ्रम आहे.

आता घटक, म्हणजे कुठे अर्ज करायचा. प्रत्येक जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक, प्रत्येक शहराचं पोलीस आयुक्तालय, लोहमार्ग पोलीस, राज्य राखीवचा प्रत्येक गट हा स्वतंत्र घटक. राज्याची एकच गुणवत्ता यादी नसते. स्पर्धा त्या घटकातल्या अर्जदारांशीच. एका पदासाठी एकाच घटकात एकच अर्ज करता येतो. शिपाई आणि चालक अशा दोन वेगळ्या पदांना दोन अर्ज चालतात, पण शिपाई पदासाठी दोन जिल्ह्यांत दोन अर्ज चालत नाहीत. वेगळा ईमेल, वेगळा मोबाईल नंबर वापरून दोन-तीन ठिकाणी भरणारे असतातच. नाव, जन्मतारीख आणि आधार जुळवल्यावर ते सापडतात आणि हाती आलेली संधी जाते.

घटक निवडताना लोक फक्त एकूण जागा बघतात. तुम्ही जाहिरातीच्या शेवटचा जागांचा तक्ता उघडा आणि तुमची नेमकी चौकट शोधा. ओबीसीला १९ टक्के आरक्षण आहे. समजा एका घटकात ओबीसीच्या २० जागा निघाल्या. त्यातल्या ३० टक्के महिलांच्या, म्हणजे ६. माजी सैनिकांच्या १५ टक्के, म्हणजे ३. खेळाडू, प्रकल्पग्रस्त, होमगार्ड यांची प्रत्येकी एक, शिवाय भूकंपग्रस्त, पोलीस पाल्य, अंशकालीन कर्मचारी, अनाथ अशा चौकटी. प्रवर्गाच्या आतल्या या राखीव जागांना समांतर आरक्षण म्हणतात. काहीच समांतर आरक्षण नसलेल्या पुरुषाला 'सर्वसाधारण' चौकटीत सहा-सात जागा उरतात. म्हणजे वीस जागा बघून तुम्ही अर्ज केला, पण लढाई सहा-सातांसाठी आहे. माजी सैनिक किंवा खेळाडू पुरेसे न मिळाल्यास त्या जागा त्याच प्रवर्गातल्या इतरांकडे वळतात, त्यामुळे प्रत्यक्षात एक-दोन वाढतात. पण त्या भरवशावर गणित मांडू नका.

मागच्या दोन भरत्यांचा त्या घटकाचा कटऑफ तुमच्या चौकटीचा शोधा. घटकांच्या संकेतस्थळांवर निवड याद्या टाकलेल्या असतात. कटऑफ बघताना मैदानी आणि एकूण असे दोन्ही आकडे लिहा. मैदानीत ४४ वर थांबलेला घटक उत्तम पळणाऱ्याचा. मैदानी ३५ पण एकूण १३० वर गेलेला घटक अभ्यास करणाऱ्याचा. तुम्ही कुठले ते स्वतःशी खरं बोला. मुंबईला जागा सर्वांत जास्त, पण अर्जही तसेच, आणि प्रक्रिया लांबते. २०२३ मध्ये बाकीच्या जिल्ह्यांची लेखी २ एप्रिलला झाली, मुंबईची ७ मे रोजी. हा उशीर अभ्यास कच्चा असणाऱ्याला फायद्याचा ठरू शकतो.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. शिपायाची नोकरी त्या घटकाची असते. पुढे 'गावाकडे बदली करून घेऊ' म्हणणाऱ्यांना आंतरजिल्हा बदलीत वर्षानुवर्षं थांबावं लागतं आणि ज्येष्ठता गमवावी लागते ती वेगळीच. कटऑफ दोन गुणांनी कमी दिसतोय म्हणून चारशे किलोमीटर लांबचा जिल्हा निवडताना तिथे तीस वर्षं राहाल का, हे घरी बसून ठरवा.

कागदांकडे येऊ. इथे सगळं एका तारखेभोवती फिरतं: अर्ज स्वीकारण्याचा शेवटचा दिवस. बहुतेक प्रमाणपत्रं त्या दिवशी किंवा त्याआधी काढलेली असावी लागतात. अर्जात 'प्रमाणपत्र आहे' असं टिक करून क्रमांक आणि तारीख टाकावी लागते. नसताना टिक केलं की पडताळणीत ते पकडलं जातं.

ओबीसीला जातीचा दाखला आणि नॉन क्रीमी लेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) दोन्ही लागतं. नॉन क्रीमी लेयर आर्थिक वर्षाशी बांधलेलं आहे आणि त्याची मुदत दाखल्यावरच छापलेली असते. मार्चमध्ये जाहिरात आली, तुमचा दाखला ३१ मार्चला संपतोय आणि अर्जाची मुदत एप्रिलमध्ये गेली, तर अडचण झालीच. २०२४ च्या भरतीत अर्जाची मुदत ३१ मार्चवरून १५ एप्रिलपर्यंत वाढवली होती; अशा वेळी मुदत वाढल्याचा आनंद होतो आणि दाखला बघायचा राहतो. जाहिरात येण्याची वाट न बघता वर्षाच्या सुरुवातीलाच नवा काढून ठेवा. जाहिरात आल्यावर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हर बसतो. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक वाल्यांनाही हेच लागू, त्यांचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच.

जात वैधता प्रमाणपत्र बारावीला असताना प्रवेशासाठी काढलं असेल तर ते शोधा, झेरॉक्स नव्हे, मूळ प्रत. नसेल तर निवड तात्पुरती राहते आणि जात पडताळणी समितीकडे प्रकरण चालतं; त्यासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला, गाव नमुना, महसुली नोंदी आजपासून गोळा करा. एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे मराठा समाजाचं) १० टक्के आरक्षण २०२४ च्या कायद्याने आलं. ज्यांनी आधी ईडब्ल्यूएसमधून अर्ज केले त्यांनी या वेळी कुठला प्रवर्ग ते ठरवूनच फॉर्मला हात घालावा. प्रवर्ग नंतर बदलत नाही.

अधिवास प्रमाणपत्र सगळ्यांना लागतं. कर्नाटक सीमाभागातल्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या उमेदवारांना अर्ज करता येतो, पण त्यांना विहित नमुन्यातला दाखला वेगळा लागतो. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र विवाहितांना गंमत वाटते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली तर उमेदवार अपात्र ठरतो. लग्न झालेल्या मुलींचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं असतं. अर्ज दहावीच्या नावाने भरा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडून ठेवा. जातीचा दाखला मात्र वडिलांकडचाच लागतो.

खेळाडू कोट्यात दरवेळी माणसं अडकतात. हातात राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र असतं, पण विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी झालेली नसते. पडताळणीचा अहवाल नसेल तर ते प्रमाणपत्र या भरतीपुरतं रद्दीच. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखीला बोनस गुण मिळतात; 'बी' ला नाही.

फॉर्म भरताना घाई शेवटच्या दोन दिवसांची करू नका. जे नाव, जी जन्मतारीख, जी स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तीच टाका. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, चेहरा स्पष्ट. फिल्टरचा सेल्फी लावणाऱ्यांचा मैदानाच्या दारात बायोमेट्रिकवाला खोळंबा करतो. सायबर कॅफेत भरत असाल तर ईमेल आणि मोबाईल तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला असला की हॉल तिकिटाचा निरोप त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. फी खुल्याला ४५०, मागास प्रवर्गाला ३५० रुपये अशी राहिली आहे. खात्यातून पैसे गेले म्हणजे अर्ज झाला असं नाही. पुन्हा लॉगिन करून भरणा झाल्याची स्थिती दिसते का ते बघा, आणि मगच अर्जाची प्रिंट काढा. दोन प्रती काढा, एक घरी ठेवा. सबमिट केल्यावर दुरुस्ती होत नाही, म्हणून आधी सगळे रकाने घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ज्याने भरला त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

लेखी १०० प्रश्न, ९० मिनिटं, मराठीतून, ओएमआर (गोल काळे करायच्या) उत्तरपत्रिकेवर. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात, पण व्याकरण आणि सामान्य ज्ञान पंधरा-वीस सेकंदांत सुटतं, म्हणून ते आधी संपवून गणिताला वेळ वाचवा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडू नका. पेपर घटकाघटकाचा वेगळा निघतो. ज्या जिल्ह्यात अर्ज केला त्याच्या जुन्या पेपरमध्ये त्या जिल्ह्याच्या नद्या, तालुके, घाट, किल्ले यांवर प्रश्न सापडतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आहेत. जुन्या गाईडमधली भादंविची (भारतीय दंड संहितेची) कलमं पाठ करत बसलात तर कष्ट फुकट. सगळ्यांत मूर्खपणाचा घात म्हणजे प्रश्नपत्रिका संचाचा गोल न भरणं किंवा चुकीचा भरणं. तो पहिल्याच मिनिटाला भरा.

निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. रंगांधळेपणा, दृष्टी, गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, पायाच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसील हे आधीच एखाद्या डॉक्टरकडून बघून घ्या. रंगांच्या ठिपक्यांतला आकडा ओळखण्याची चाचणी पाच मिनिटांची असते, आणि रंगांधळेपणा असणाऱ्याला तो असल्याचं बहुतेक वेळा माहीतच नसतं. शस्त्रक्रियेने बरं होणारं काही असेल तर ते भरतीच्या आधी उरकता येतं, नंतर धावपळ होते.

चारित्र्य पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात विचारतात: कधी अटक, गुन्हा, खटला, प्रतिबंधक कारवाई? गावच्या भांडणात नाव आलं, पुढे तडजोड झाली, निर्दोष सुटलो, म्हणून पोरं 'नाही' लिहितात. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरमध्ये ती नोंद असतेच, आणि चौकशी करणारं खातंही पोलिसांचंच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात गुन्हा लपवणं आणि खरं सांगणं यांतला फरक स्पष्ट केला आहे: खरं सांगितलं तर गुन्ह्याचं स्वरूप बघून विचार होऊ शकतो, लपवलं तर लपवणं हेच बाद करायला कारण ठरू शकतं. निर्दोष सुटलेलं, रद्द झालेलं, जामिनावरचं सगळं लिहा, गुन्हा क्रमांक आणि निकालाच्या प्रतीसकट. प्रतिबंधक कारवाई, ज्याला गावात चॅप्टर केस म्हणतात, तीही. अल्पवयीन असताना बाल न्याय मंडळापुढे गेलेलं प्रकरण असेल तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ संरक्षण देतं. पण ते कसं मांडायचं हे वकिलाला विचारून लिहा.

कुणी 'आतून काम होतं, पाच लाख द्या' म्हणून फोन केला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. असले दलाल बहुधा वीस जणांकडून पैसे घेतात, त्यातले दोघं स्वतःच्या गुणांवर लागतात, त्या दोघांचे पैसे दलाल ठेवून घेतात आणि बाकी अठरा जणांना 'पुढच्या वेळी' सांगतात.

यादीत नाव आलं नाही तरी प्रतीक्षा यादी बघत राहा आणि अर्जातला मोबाईल नंबर बंद करू नका. वर एखाद्याचे कागद अडकले, कुणी दुसरीकडे रुजू झाला की बोलावणं येतं, आणि हजर होण्यासाठी मुदत थोडी असते. तेव्हा मूळ कागदपत्रांची फाईल, साक्षांकित प्रतींचे दोन संच आणि दहा-बारा पासपोर्ट फोटो एका पिशवीत तयार असू द्या.